डबा गेला, खानावळ आली

आमच्या घरात दोन वस्तूंना डबा म्हणतात. एक माझा. तो सकाळी साडेआठला भरतो आणि दुपारी रिकामा होतो. दुसरा टीव्हीखालचा. तो बारा वर्षं नुसता भरत गेला, रिकामा कधी झालाच नाही. गच्चीवरच्या छत्रीतून कार्यक्रम खाली उतरायचे, डब्यातल्या हार्ड डिस्कवर जाऊन बसायचे आणि 'नंतर बघू' या आमच्या आश्वासनावर तिथेच म्हातारे व्हायचे.

गेल्या दिवाळीत चिरंजीव बंगळुरूहून आले. फराळाला हात लावण्याआधी त्यांनी टीव्हीच्या मागे हात घातला, दोन वायरी उपटल्या आणि जाहीर केलं, "बाबा, आता सगळं स्ट्रीमिंग. रेकॉर्डिंग कोण करतं हल्ली? हवं तेव्हा हवं ते बघा."

'हवं तेव्हा हवं ते' म्हटलं की मला खानावळीची पाटी आठवते. पाटीवर तीस भाज्या असतात. आत जाऊन पाट मांडला, की मटकी आणि बटाटा.

चिरंजीवांना एक गोष्ट कळली नव्हती. तो डबा टीव्ही बघण्यासाठी नव्हताच. तो बेगमीसाठी होता.

माझ्या आईने १९७२च्या दुष्काळात मिलोच्या भाकरी थापल्या आहेत. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. म्हणजे भाकरी रेशनवर आणि करमणूकही रेशनवर. एकच वाहिनी, तीही संध्याकाळचे काही तास, आणि मिळेल ते गोड मानून घ्यायचं. अशा बाईच्या हाती २०१३ साली ५०० जीबीचं कोठार आलं, तर ती काय करेल? ती भरेल. रिमोटवरचं लाल बटण दाबलं की अख्खी मालिका रोज आपोआप साठते हे कळल्यावर तिने एका मालिकेचे एकशे ऐंशी भाग साठवले. नायिका पहिल्या भागात लग्नाला नाही म्हणते आणि एकशे ऐंशीव्या भागातही नाहीच म्हणते, तेव्हा मधलं काही बघायची गरज नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. पण पडद्यावर 'डिस्क ९४ टक्के भरली' अशी सूचना आली की तिच्या चेहऱ्यावर, कुरडयांचा शेवटचा डबा माळ्यावर चढवल्यावर येतं तसं समाधान यायचं. सांडगे काय रोज तळतो? घरात आहेत, एवढं पुरे.

कार्यक्रम असे साठवण्याच्या हक्कासाठी अमेरिकेत मोठा खटला चालला होता. लोक घरी बसून कार्यक्रम टेप करून घेतात म्हणून चित्रपट कंपन्यांनी व्हिडिओ रेकॉर्डर बनवणाऱ्या सोनीला कोर्टात खेचलं. १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला, की कार्यक्रम घरी टेप करून नंतर बघणं हा गुन्हा नाही. न्यायमूर्तींनी 'नंतर बघण्याचा' हक्क दिला. आमच्या आईने तो पुढे नेऊन 'नंतरही न बघण्याचा' हक्क प्रस्थापित केला.

माझाही एक ऐवज त्या डब्यात होता. डबा घेतलाच मुळी त्याच्यासाठी. १६ नोव्हेंबर २०१३, वानखेडे, सचिनचं निरोपाचं भाषण. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून त्याला कुलूप घातलं होतं. बारा वर्षांत ते मी किती वेळा पाहिलं? एकदाही पूर्ण नाही. इंटरनेटवर ते भाषण ढिगाने आहे, हे मलाही माहीत आहे. बाजारात लोणचंही ढिगाने मिळतं.

आता खरं सांगायला हरकत नाही. ही बेगमीसुद्धा पुरती आमची नव्हती. एकदा रिचार्ज संपला. म्हटलं, वाहिन्या बंद तर बंद, साठवणीतलं काढू. बटण दाबलं, तर पडद्यावर 'कृपया रिचार्ज करा'. बरणी आमच्या फडताळात, कैऱ्या आम्ही फोडलेल्या, मीठ आमचं, आणि झाकणाची किल्ली मात्र कंपनीकडे. आई तेव्हा म्हणाली होती, "मग हे आपलं कसलं? हे तर सासरचं कपाट झालं."

छत्रीचीही काही गाऱ्हाणी होती. तिला कार्यक्रम पाठवणारा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर असतो, त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या छत्र्यांचं तोंड दक्षिणेकडे. "यमाच्या दिशेला तोंड करून बसलेली वस्तू टिकायची नाही," असं भविष्य आईने छत्री बसवली त्याच दिवशी वर्तवलं होतं. पावसाळ्यात ते दर आठवड्याला खरं ठरायचं. छत्रीवर येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या. पावसाचे टपोरे थेंब त्यांना वाटेतच शोषून घेतात. नाशिकला गोदावरीच्या पुराची पातळी दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं गाव बोलतं. आमच्या सोसायटीत पावसाचा जोर मालिकेवर मोजायचे. सासूचा चेहरा चौकोन चौकोन झाला की मध्यम पाऊस. निळा पडदा आला की वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे.

आणि १ फेब्रुवारी २०१९ कोण विसरेल? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्या दिवसापासून ग्राहकाला राजा केलं. शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, आणि पैसे लागणाऱ्या वाहिन्या ज्याच्या त्याने निवडायच्या. कुठलीचे १९ रुपये, कुठलीचे काही पैसे. महाराष्ट्रातली घरंच्या घरं वही-पेन घेऊन बसली. क्रिकेट घेतलं तर वर एखादी भजनाची वाहिनी कोथिंबिरीसारखी फुकट मिळेल का, असं आईने फोनवर विचारलं होतं. राजा झाल्यावर आमचं बिल वाढलं. राजेपण फुकट नसतं.

पण या सगळ्याआधीचं एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. केबलवाला. नव्वदच्या दशकात तो आंब्याच्या झाडावरून, जिन्यातून, शेजाऱ्यांच्या खिडकीतून वायर ओढत घरात आला. महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा राहायचा. ऐन अंतिम सामन्याला वायर तुटायची आणि फोन केला तर 'माणूस पाठवलाय'. माणूस कायम पाठवलेला असायचा, पोचलेला कधीच नसायचा. त्याच्या तावडीतून सुटलो ते छत्रीमुळे. ज्या दिवशी छत्री बसली, त्या दिवशी माझ्या वडिलांनी केबलची वायर स्वतःच्या हाताने कापली होती. १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढावी, तशा थाटात.

तर आता स्ट्रीमिंग. त्याला इंटरनेट लागतं, इंटरनेटला फायबर लागते, आणि फायबर कोण आणणार? दारावरची बेल वाजली. दारात केबलवाल्याचा मुलगा. आंब्याच्या झाडाकडे बघून म्हणाला, "काका, जुनाच रूट आहे ना? पप्पांनी सांगितलंय."

एका पिढीचं स्वातंत्र्य अशा रीतीने समाप्त झालं.

वायर आली, टीव्ही सुरू झाला. पहिल्या ॲपने ओटीपी मागितला. तो चिरंजीवांच्या फोनवर गेला. चिरंजीव एव्हाना बंगळुरूला परतले होते आणि मीटिंगमध्ये होते. आईला जेवताना बघायचा कार्यक्रम तिकडच्या मीटिंगच्या सवडीने, म्हणजे रात्री पावणेअकराला सुरू झाला. दुसऱ्या ॲपने ओटीपी मागितला नाही, थेट निर्णय दिला, की हा टीव्ही या खात्याच्या कुटुंबात बसत नाही. खातं मुलाच्या नावावर, टीव्ही आजीच्या खोलीत. भावकीच्या वादात तलाठ्यालाही जे इतक्या झटकन जमत नाही, ते त्या ॲपने एका ओळीत करून टाकलं. आईने मला ते मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं, "हे त्याला कोणी सांगितलं? सूनबाई काही बोलली का?"

रिमोटला कान आहेत, त्याच्याशी बोललं की तो शोधून देतो, असं नातवाने आजीला शिकवलं होतं. आईने पदर सावरला, रिमोट तोंडाजवळ धरला आणि परक्याशी बोलतात तशा अदबीने म्हणाली, "होम मिनिस्टर लावा." पैठणीच्या खेळाऐवजी पडद्यावर खरेखुरे गृहमंत्री आले आणि कायदा-सुव्यवस्थेवर बोलू लागले. आई पाच मिनिटं ऐकत बसली. मग म्हणाली, "यांच्याकडे पैठणी नाही का?"

क्रिकेटची गंमत तर निराळीच. समोरच्या इमारतीतल्या काकांकडे अजून छत्री आहे. आमच्याकडे गोलंदाज पळत येत असतो, आणि तिकडून काकांची आरोळी येते, "सिक्सर!" मग आम्ही अर्धं मिनिट त्या सिक्सरची वाट बघतो. काकांचा सामना छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, तितकाच खाली येतो, आणि या प्रवासाला लागतो पाव सेकंद. आमचा सामना जमिनीवरून येतो. त्याचे आधी काही-काही सेकंदांचे तुकडे करतात, ते तुकडे गोदामात ठेवतात, आणि वाटेत अडखळायला नको म्हणून टीव्ही थोडे तुकडे आधी जमवून मगच दाखवायला घेतो. कसाऱ्याला घाट चढायच्या आधी गाडीला मागून बँकर इंजिन जोडतात, तोवर सगळी गाडी वडे खात थांबते, तसंच हे. हल्ली मी विकेट पडायच्या आधीच टीव्ही म्यूट करतो. काकांचा सुस्कारा मला पुरतो.

आणि जाहिराती. डब्यातलं काही बघताना जाहिरात आली की तीसपट वेगाने पळवायची सोय होती. साबण, बनियन, हिऱ्यांचे दागिने, सगळे वारीत उशीर झाल्यासारखे पळत सुटायचे. आता पैसे भरूनही जाहिरात येते, आणि कोपऱ्यात आकडा उलटा मोजत असतो. ती पळवता येत नाही. नको असेल तर आणखी पैसे. खानावळीत आधी ताटाचे पैसे घेतले, आता माशी काढायचे वेगळे.

तरीही कबूल करतो, जेवण चविष्ट आहे. आमच्या सौभाग्यवतींनी दोन महिन्यांत इतके मल्याळम चित्रपट पाहिले, की घरातली भांडणंही आता शांत, संथ आणि पावसाळी झाली आहेत. पाऊस कितीही पडला तरी पडदा निळा होत नाही. पण कुठलंच ताट आपलं नाही. आईने निम्मी बघितलेली एक जुनी मालिका एका सकाळी गायब झाली. 'सध्या उपलब्ध नाही.' चिरंजीव म्हणाले, हक्कांची मुदत संपली असेल, दुसऱ्या ॲपवर येईल. ते दुसरं ॲपही दरम्यान तिसऱ्यात विलीन झालं होतं. आपल्याकडे पक्ष आणि ॲप यांचं एक आहे. आपण ज्याला निवडतो, तो सकाळी कुणाबरोबर असेल याचा नेम नाही.

हिशेब मांडला. छत्रीचं महिन्याला एक बिल होतं. आता फायबरचं एक आणि ॲपची पाच. हे ऐकून आई म्हणाली, "मग साडेसातला काय लागतं?" मी सांगितलं, आई, साडेसातला असं काही लागत नाही, तू लावशील ते लागतं. ती बराच वेळ रांगेतली चित्रं पुढे सरकवत राहिली आणि शेवटी टीव्ही बंद करून जपमाळ घेऊन बसली. शंभर वाहिन्यांत तिला कायम एक सापडायची. हजार चित्रांत एकही सापडलं नाही.

डबा भंगारवाल्याला दाखवला. त्याने तो हातात तोलला, उलटा केला, आणि परत दिला. म्हणाला, "काका, यात लोखंड नाही." त्यात सचिनचं भाषण आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

आणि मग थंडी पडली. नाशिकची थंडी. एका सकाळी घरात आरडाओरडा झाला, कारण दही लागलं नव्हतं. तेव्हा बारा वर्षांचं गुपित बाहेर आलं. तो डबा दिवसरात्र गरम असायचा, म्हणून आई हिवाळ्यात विरजणाचं पातेलं रात्री त्याच्यावर ठेवायची. चौऱ्याण्णव टक्के भरलेल्या त्या कोठारातली रोज खरंच वापरली जाणारी सेवा ही एवढीच होती.

दोन दिवस आई घरभर हात लावत हिंडली. तिसऱ्या दिवशी तिला फायबरवाल्या मुलाने बसवलेला वायफायचा डबा सापडला. कोमट होता. पातेलं त्यावर बसलं. त्याच रात्री सिंहस्थाच्या कामासाठी कोपऱ्यावर रस्ता खणला आणि फायबर तुटली. पाचही ॲपवर भोवरा फिरत राहिला. मुलाला फोन केला, तर म्हणाला, "माणूस पाठवलाय."

वीज मात्र चालू होती. सकाळी झाकण काढलं तर दही घट्ट, चमचा उभा राहील असं. आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "चला, त्या पोराच्या या महिन्याच्या बिलाचे पैसे वसूल."