असू दे, लागलं तर!

जानेवारीत रिओ दि जानेरोहून निघून ब्वेनोस आयरेस, फॉकलंड बेटं, केप हॉर्न, उश्वाया असं करत चिलीला पोचणारी क्रूझ म्हणजे बॅग भरणाऱ्याची बोर्डाची परीक्षा. रिओत मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम, आणि पुढच्या काही दिवसांत समोर पेंग्विन. लोणावळ्याच्या एका मुक्कामाला तीन पिशव्या नेणारे लागलंतरकाका ही सहल जग बघायला निवडतात, असं त्यांना वाटतं. खरं तर त्यांच्या कलेला इतकं मोठं मैदान दुसरीकडे मिळत नाही. हे नाव त्यांच्या तोंडच्या मंत्रावरून पडलेलं. मफलर दोन कशाला, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘असू दे, लागलं तर!’ महिनाभर आधीपासून हॉलमध्ये बॅगा आ वासून पडतात. यादी एक्सेलमध्ये असते. तिच्यात ‘इतर’ नावाचा रकाना असतो आणि खरं वजन त्याच रकान्यात असतं: नाडी ओवायची पिन, कपडे वाळत घालायची दोरी, बारा चिमटे, डांबराच्या गोळ्या, मेतकुटाची पुडी आणि पिशव्या ठेवायला एक पिशवी. मग काका बॅग हातातल्या काट्याला लटकवतात. विमानात एका बॅगेला बहुधा २३ किलोची मुभा असते, काट्यावर २२.९ उमटतं, आणि पेन्शन सुरू झाल्याच्या दिवशी दिसलं होतं तसं समाधान काकांच्या चेहऱ्यावर पसरतं.

हा सगळा खटाटोप हवामानाच्या धास्तीनं चालतो, असा सार्वत्रिक समज आहे. बॅगेतला पुरावा मात्र वेगळं सांगतो. जानेवारी हा उश्वायाचा भर उन्हाळा. पारा तिथे दहा अंशांच्या आसपास असतो. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे तेवढ्याच थंडीत काका एका स्वेटरवर टेकडी चढून येतात. तिकडचा खरा वैरी आहे वारा, आणि त्याच्यावरचा उपाय वजनाला हलका आहे. दोन पातळ कपड्यांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आणि वर वारा-पाऊस अडवणारं एक जाकीट असलं की काम भागतं. रिओच्या उकाड्यात तेच थर एकेक करून उतरवायचे. काकांच्या बॅगेत मात्र चार जाडजूड स्वेटर असतात. ते एकावर एक चढवले तर हात खाली येत नाहीत. शिवाय छत्री असते, जिची केप हॉर्नच्या वाऱ्यात पहिल्याच झटक्याला कढई होते. थंडीशी लढायला निघालेला माणूस अशी हत्यारं घेत नाही. काकांना भीती वाटते ती एका वाक्याची: ‘बघा, नेमकं तेच राहिलं!’ हे वाक्य काकू म्हणतात, व्हिडिओ कॉलवर मुलगी म्हणते, आणि कुणीच म्हणालं नाही तर काका स्वतःच स्वतःला ऐकवतात. बॅगेतली प्रत्येक वस्तू म्हणजे या वाक्याविरुद्ध काढलेली विम्याची पॉलिसी आहे.

प्रवासाच्या कपड्यांत हवामानापेक्षा लोकांच्या नजरेचा धाक मोठा, याला थोर आधारही आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींनी बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरतानासाठी राखून ठेवला, कारण किनाऱ्यावर पाय ठेवताना पांढरं शोभून दिसेल असं त्यांना वाटलं. उतरले तेव्हा सप्टेंबर सरत आला होता आणि पांढऱ्या कपड्यातले ते एकटेच होते. सामान किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात, आणि दुसऱ्या दिवशी रविवार! आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे, आणि त्यात टोचते ती शरम. थंडीची तक्रार नाही. उलट बाजूचा पुरावा नेली ब्लाय या अमेरिकन पत्रकार बाईंचा. १८८९ च्या नोव्हेंबरात त्या एका हातपिशवीनिशी निघाल्या. अंगावर एक पोशाख, वर जाड कोट. आणि अटलांटिकचा गारठा, एडन-कोलंबोचा उकाडा पार करून ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी. सामानात अडचण केली ती ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या कोल्ड क्रीमच्या बरणीनं. वाटेत सिंगापूरला त्यांनी चक्क एक माकड विकत घेतलं. २२.९ किलोवाल्याला येताना साधा फ्रिजवरचा चुंबकही जड होतो.

यावर काकांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. ‘भर समुद्रात दुकान आहे का?’ हा त्यांचा हुकमी एक्का. दुकान आहे. जहाजावर आहे, धुलाईची सोयही आहे, आणि उश्वाया, पुन्ता अरेनास ही गावं तर थंडीचे कपडे विकायला सरावलेलीच आहेत. मात्र काकांचा दुसरा मुद्दा निर्विवाद: रोजची औषधं आणि जादा चष्मा वाटेत मिळेलच असं नाही. ते न्यावंच, आणि हातातल्या बॅगेत न्यावं. तिसरा मुद्दा काका स्वतः मांडत नाहीत, तो आपण मांडायला हवा. ग्रुपमध्ये कुणाच्या बॅगेची चेन तुटते, कुणाच्या ब्लाउजचं हूक निघतं, आणि सगळे काकांच्या केबिनचं दार ठोठावतात. ‘होतं ना जवळ!’ म्हणताना काकांचा चेहरा असा उजळतो की त्यापुढे दक्षिण गोलार्धाचा सूर्योदय फिका पडावा. या माणसाला निव्वळ भित्रा म्हणणं अन्यायाचं होईल. पण हिशेब नीट मांडला तर दिसतं की काकांची ही कीर्ती सुईदोरा, सेफ्टी पिना आणि सुंठीच्या वड्या यांवर उभी आहे, आणि त्यांचं वजन पाव किलोही नाही. सुईदोरा नेली ब्लायच्या पिशवीतही होता. चौथ्या स्वेटरसाठी काकांचं दार आजवर कुणी ठोठावलेलं नाही.

उरलेल्या वजनाचा निकाल जहाजच लावतं. आगीच्या भीतीनं बहुतेक क्रूझ कंपन्या प्रवाशांची इस्त्री आणि किटली पहिल्याच दिवशी काढून घेतात आणि उतरताना परत देतात, म्हणजे या दोन्ही वस्तू काकांच्या खर्चानं पृथ्वीचं दुसरं टोक बघून येतात. चिलीत उतरताना बिया, फळं, दुधाचे पदार्थ जाहीर करावे लागतात, लपवले तर दंड होतो. तेव्हा ‘इतर’ रकान्याचं जाहीर वाचन होतं. आणि शेवटच्या रात्रीचा नियम असा की मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी केबिनबाहेर ठेवायच्या, सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. काका सगळं घड्या घालून, कुलपं लावून, यादीवर खुणा करून बॅगा बाहेर ठेवतात. सकाळी लक्षात येतं की अंगात फक्त रात्रीचा पायजमा आणि गंजी उरली आहे. म्हणून लांबच्या सफरीला निघणाऱ्यांनो, यादी कितीही लांबवा. तिच्या शेवटी एक ओळ तेवढी घाला: शेवटच्या सकाळी घालायचे कपडे बाहेर ठेवणे.