पेढे आधी की पाहणी?

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनींच्या धाकट्याला परवा रावेतच्या फ्लॅटचं पझेशन होतं. मी पेढ्यांची वाट बघतेय, आणि सून तिकडे होम इन्स्पेक्टर घेऊन गेली! सासरे म्हणे फणकारले, "नव्या कोऱ्या घराची कसली तपासणी? उगाच पैसे उधळायचे!" सून गप्प. पण हप्ते तिच्याच पगारातून जातात ना... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

तर काय सांगत होते, त्या माणसानं एकेक टाइल ठोकून पाहिली. हॉलमधली एक अख्खी ओळ पोकळ वाजली! खाली माल नीट भरलाच नव्हता. साइट इंजिनियर म्हणतो, "होईल सेट." टाइल म्हणजे काय दही आहे, सेट व्हायला? बाथरूममध्ये बादली ओतली, तर पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. गीझरच्या पॉइंटला अर्थिंग नाही. बेडरूमच्या भिंतीवर थर्मल कॅमेऱ्यात गार पट्टा दिसला. नुसत्या गारव्यावरून ओल म्हणता येत नाही, म्हणून त्यानं मॉइश्चर मीटर टेकवला. ओलच निघाली! इंजिनियरचा चेहरा असा पडला म्हणता...

मग लेझरनं कार्पेट एरिया मोजला. सासरे मध्येच, "बाल्कनी धरा की!" तो म्हणाला, "काका, रेरा कायद्यात आतल्या भिंती धरतात, बाल्कनी नाही." सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

आता खरी गंमत ऐका. बिल्डरचा माणूस पझेशन लेटर पुढे करून म्हणतो, "मॅडम, आधी सही करा, यादीचं नंतर बघू." ही म्हणाली, "आधी फोटोंसकट या यादीवर पोच द्या." तो बघतच राहिला. तशी रेरात पाच वर्षांची सोय आहेच. ताबा मिळाल्यापासून तेवढ्या काळात बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण तोंडी सांगितलेलं कोण मानतं हो?

मात्र हा इन्स्पेक्टर काही भिंती फोडून बघत नाही. डोळ्यांना आणि यंत्रांना कळेल तेवढंच त्याचं. टायटल सर्च, भोगवटा प्रमाणपत्र ही वकिलाची कामं. आणि एजंटानं सुचवलेला तर मुळीच घ्यायचा नाही! कमिशन बुडवणारा रिपोर्ट तो कशाला लिहू देईल?

आणि हो, कोपऱ्यावरच्या मावशी डोंबिवलीत जुना फ्लॅट बघतायत, कळलं ना? तिशी उलटलेली बिल्डिंग! रंग बघून भुलल्यात. मी म्हटलं, फ्लॅट तपासून पिलर कळत नाहीत, सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. उपविधींप्रमाणे तिशीनंतर दर तीन वर्षांनी करायचा असतो तो. मावशींनी विचारलं, तर सेक्रेटरी म्हणे छताकडे बघायला लागले! आता समजा काय ते.

बाकी, तुमच्या नणंदबाईंनी गेल्या वर्षी न बघताच सही ठोकली ना? त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरलेत, असं कानावर आलंय. पाच वर्षं व्हायचीत अजून, लेखी कळवा म्हणावं. फक्त माझं नाव नका हो घेऊ!