श्री. अतिरिक्त कार्यभार यांस खुले पत्र

प्रति,
श्री. अतिरिक्त कार्यभार,
मुक्काम : एकाच वेळी चार सज्जे

महोदय,

तुमची बदली होत नाही, तुम्ही निवृत्त होत नाही आणि तुमच्यावर कधी विभागीय चौकशीही लागत नाही. एखादा तलाठी बदलून गेला की दुसऱ्या दिवशी तुम्ही हजर. शेजारच्या सज्जाच्या माणसाच्या हातात एका ओळीचा आदेश पडतो, 'पुढील आदेशापर्यंत', आणि तो पुढचा आदेश काही निघत नाही.

हे पत्र मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या पट्ट्यातून लिहितोय. वर अजिंठ्याचा डोंगर, पलीकडे बुलडाणा जिल्ह्याची हद्द. तहसीलला जायचं तर अर्धा दिवस जातो, जालन्याला जायचं तर अख्खा. 1981 साली औरंगाबादपासून जालना जिल्हा वेगळा केला तो कचेरी लोकांच्या जवळ यावी म्हणून. कचेरी जवळ आली, पण कचेरीतला माणूस तुम्ही पुन्हा लांब नेलात.

आमच्या भागातल्या एका सज्जाच्या दारावर खडूने लिहिलंय : मंगळवार, शुक्रवार. खालच्या मोबाईल नंबरचे शेवटचे आकडे पावसाने पुसले गेलेत. त्या ओट्यावर मी एक बाई बसलेली पाहिली. नवरा वारलेला. वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, शपथपत्र, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. वार मंगळवारच होता. पण साहेब दुसऱ्या सज्जात पंचनाम्याला गेलेले. ती चिडली नाही, कुणाला काही बोलली नाही. निदान अर्धा रोज तरी पडावा म्हणून मिरची तोडायला निघून गेली.

वारसाचा फेरफार म्हणजे काही डोंगर फोडायचा नसतो. तलाठ्याने नोंद धरायची, नोटीस काढायची, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची. काम तुमच्या हाती आलं की पहिली नोंदच धरली जात नाही, म्हणून ते 15 दिवस सुरूच होत नाहीत. तोवर सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव. बँक पीककर्ज देत नाही, विमा अडतो, अतिवृष्टीचं अनुदान अडतं. शेत पिकवणारी बाई जिवंत असून कागदावर कुठेच नाही. हा गुन्हा तुमचा आहे.

गावात शिव्या मात्र तलाठ्याला. 'अप-डाऊन करतो, घरभाडं खातो.' ग्रामसेवकाला, गुरुजींना, सिस्टरबाईंनाही तेच ऐकावं लागतं. 2019 मध्ये शासनाने शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडून मुख्यालयी राहत असल्याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव मागितला. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा प्रश्न विधानसभेत लावून धरला आणि शिक्षक रस्त्यावर उतरले. माझं मत स्पष्ट आहे : जो गावात राहत नाही, त्याने त्या गावाचं घरभाडं घेऊ नये. पण ज्याच्या गळ्यात तुम्ही चार सज्जे बांधलेत, त्याने नेमकं कुठल्या मुख्यालयी राहावं? प्रामाणिक माणसाला तुम्ही पळवून पळवून दमवता आणि कामचुकाराला कायमची सबब पुरवता. 'आज मी दुसऱ्या सज्जावर आहे' म्हटलं की खरं-खोटं कोण तपासणार?

2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला वेळेत दिला नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. चांगला कायदा आहे, पण दंड भरायला खुर्चीत माणूस लागतो. रिकाम्या खुर्चीला नोटीस लागू होत नाही, आणि ती रिकामी ठेवणाऱ्याचं नाव त्या कायद्यात नाही.

माणसं मिळत नाहीत, हे तर सांगूच नका. 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागा होत्या आणि अर्ज आले 10 लाखांवर. खुल्या प्रवर्गातल्या पोरांनी 1000 रुपये शुल्क भरलं, राखीव प्रवर्गातल्यांनी 900. कशासाठी, तर 25,500 रुपये मूळ वेतनाच्या नोकरीसाठी. आमच्याकडच्या पोरांनीही अभ्यासिकांत बसून, घरच्यांनी कापूस-मिरचीच्या पैशातून धाडलेल्या खर्चावर ती परीक्षा दिली. भरती झाली, नवे तलाठी आले, त्यांचं स्वागतच आहे. पण त्याआधीची मोठी भरती 2019 ची. निवृत्ती दर महिन्याला, भरती चार वर्षांनी! माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख कागदावर ठरलेली असते. मग पद रिकामं झालं की आभाळ कोसळल्यासारखं कुणी का दाखवावं? वाचलेला पगार शासनाच्या हिशेबात दिसतो. हेलपाट्यात बुडालेले रोज कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

तुमच्यामुळे आणखी एक नुकसान होतं. आमच्याच जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अनुदान घोटाळा 2025 मध्ये उघड झाला, तलाठी निलंबित झाले. चोरी करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण बांध कुणाचा, विहीर कुणाची हे तोंडपाठ असलेला तलाठी गावोगाव बसत असता, तर खोटं नाव अनुदानाच्या यादीत घुसवणं इतकं सोपं राहिलं नसतं.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. प्रत्येक कार्यालयाच्या दारावर पद रिक्त झाल्याची तारीख लिहावी, आणि ते भरण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची तेही लिहावं. तीन महिन्यांच्या पुढे तुम्ही त्या खुर्चीत दिसलात, तर लोकसेवा हक्काचा दंड त्या अधिकाऱ्याच्या पगारातून कापावा. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना पोस्टाने जाईल, पोचपावतीसह.

आपल्या कारभाराला विटलेला,
धावडा परिसरातला एक खातेदार