सायीचं शास्त्र

आयरिश कॉफी या विषयावर मी तासभर न थांबता बोलतो आणि वडनेरात मला प्रतिस्पर्धी नाही. आमच्या वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी. बेलीज या आयरिश क्रीम दारूची बाटली आयर्लंडातून बाजारात आली तीही 1974 सालीच. तिकडे बूच निघालं, इकडे लागलं. यात मला माझ्याविरुद्धचा कट दिसतो.

"भाऊ, तुमी पेता का नुसतंच सांगता?" शेजारचे काका विचारतात. मी सांगतो. सांगायला परवाना लागत नाही. पोहणा गावापुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यात दुकानं उघडी आहेत, पण तिथे जाणारे लोक पिऊन येतात. ज्ञान घेऊन कोणी येत नाही.

माझा खरा जीव सायीत. आयर्लंडात फॉइन्सच्या विमानतळावर जो शेरिडन नावाच्या माणसाने गारठलेल्या प्रवाशांच्या कॉफीत व्हिस्की घातली, वर साय सोडली, ठीक आहे. पण 1952 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बुएना व्हिस्टा कॅफेत ती कॉफी करायला गेले, तर साय तळाला! शेवटी पुढे तिथले महापौर झालेल्या एका दूधवाल्याने सांगितलं, क्रीम 48 तास मुरू द्या. मग हलकं फेटून चमच्याच्या पाठीवरून सोडा. शिवाय कॉफीत साखर हवीच. साखरेने कॉफी जड होते, साय वर राहते. आता माझं मत असं की हे सगळे सायास गवळाऊ गाय न पाहिल्यामुळे. आमच्या जिल्ह्याची ही पांढरी गाय दूध बेताचंच देते, बैल मात्र पळतात असे की विचारू नका. पळणाऱ्या वंशाची साय बुडेलच कशी? हा सिद्धान्त मी घरी मांडला. बायको म्हणाली, "साय तुपासाठी आहे. हात लावू नका."

पुतण्याने पुण्याहून आयरिश क्रीमच्या चवीचं, दारू नसलेलं सिरप आणलं तेव्हा मी हात लावलाच. साय तरंगली. प्रेक्षक हवा म्हणून भांडी घासायला येणाऱ्या ताईंपुढे एक ग्लास धरला.

त्यांनी वास घेतला आणि ग्लास ओट्यावर ठेवला. "याले तं दारूचा वास येते."

"फक्त वास आहे, ताई. आत काही नाही."

"आमच्या घरी बी रोज आधी वासच येते."

मी गप्प झालो, हे माझ्या बाबतीत नोंद घेण्यासारखं. या बाईंनी गावातल्या बायांसोबत जाऊन हातभट्टीचे ड्रम फोडले आहेत. आठवड्यात पुन्हा धूर निघाला. कायदा कागदावर कडक आहे. मोहाची दारू मात्र ट्यूबमध्ये भरून, सायकलवर लादून दारापर्यंत येते. माझं सिरप कुरियरने येतं, पावतीसकट. माझ्या शौकाला संस्कृती म्हणायचं आणि त्यांच्या नवऱ्याच्या शौकाला व्यसन, ही वाटणी कोणी केली कोण जाणे. मी तरी आजवर तक्रार केली नव्हती.

"वरची साय चांगली दिसते," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "थे तेवढी देता का लेकराले?"

त्या ग्लासातली नको म्हणून फ्रिजमधली सगळीच वाटीत काढून दिली. आतून बायकोचा आवाज आला, "चला, तुमच्या संशोधनाचा कोणाला तरी फायदा झाला. तूप आता पुढच्या आठवड्यात."