मे आय गो टू टॉयलेट?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. दहावीपर्यंत सहा वर्षं आम्ही ते शिकलो आणि त्यातलं एकच वाक्य शेवटच्या बाकासकट अख्ख्या वर्गाला अस्खलित येत होतं: ‘सर, मे आय गो टू टॉयलेट?’ यातलं ‘मे’ हे कसलं क्रियापद, ते ‘आय’च्या आधी का, असं कुणी कुणाला विचारलं नाही. निकड होती, वाक्य आलं.

बाकीचा वेळ राम आंबा खात असे. मग तोच आंबा रामाकडून खाल्ला जात असे. मराठीत असं बोलणाऱ्याला लोक वैद्याकडे नेतील, पण इंग्रजीत त्याला चार गुण होते. सहा वर्षांत रामाने बागच्या बाग संपवली, तरी ‘आंबा कसा दिला?’ हे इंग्रजीत विचारायची वेळ आली की आमची दातखीळ. आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. त्यांचा इंग्रजी अर्ज वाचून मामलेदाराने उठून उभं राहावं. समोर बोलायचं म्हटलं की मात्र तेही नुसता घसा खाकरत. पाठमालेने लिहायला शिकवलं, ते आलं. तिला दोष नाही.

२००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं. म्हणजे जे पाचवीपासून येत नव्हतं, ते आता पहिलीपासून येईना.

भाचा तर थेट इंग्रजी माध्यमात. त्याच्या वर्गात मराठी शब्दाला दोन रुपये दंड. मॉनिटरकडे पत्र्याचा डबा. महिनाअखेरीला त्या पैशांचे सामोसे येतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात डबा हलका वाटला की मुलं वर्गणी काढल्यासारखी मराठी बोलतात. एरवी वर्ग चिडीचूप. बाईंना वाटतं, शिस्त आली. एक वाक्य मात्र सगळ्यांच्या जिभेवर नाचतं: ‘मॅम, ही इज टॉकिंग इन मराठी!’ चुगलीचीही निकडच असते. पालकसभेत बाईंनी हा नियम आम्हाला नीट समजावून सांगितला. मराठीतून. मी डब्याकडे पाहिलं, पण बोललो नाही. भाच्याला अजून तिथे पाच वर्षं काढायची आहेत.

आणि निकड असली की भाषा येते, हे एन. एस. प्रभू नावाच्या गृहस्थांनी १९७९ सालीच ओळखलं होतं. बंगळुरूच्या बाजूला, साध्यासुध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचा धडाच बंद केला. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवलं: गाडी इतक्याला सुटते, तितक्याला पोचते, तर वेळ किती लागला? नकाशा दिला, म्हणाले, वाट काढा. पोरांचं डोकं गाडी चुकेल का यात गुंतलेलं आणि इंग्रजी मागच्या दाराने आत. पाच वर्षं हा प्रयोग चालला. उद्यान एक्सप्रेसने बंगळुरूहून पुण्याला यायला एक दिवस पुरतो. ही पद्धत १९८७ साली पुस्तकातून ऑक्सफर्डपर्यंत गेली, आमच्या पेठेत अजून यायची आहे.

शिवाय प्रभूंनी १९९० साली लेख लिहिला, तोही सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते आणि का नसते, यावर. इतकं खरं बोलणाऱ्याला आमच्या चौकात क्लास काढता येणार नाही. तिथे फलक आहे: ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’. फाडफाड हा शब्द मराठी आहे, पण दंड कोण घेणार?

म्हटलं, आपणही घरी प्रयोग करू. भाच्याला रिमोटची मोटार आणली. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. सांगितलं, वाच आणि चालव, मी मदत करणार नाही. तासभर पोरगं कागदावरून बोट फिरवत बसलं, बॅटरी बरोबर बसवली, मोटार अंगणभर पळवली. मी मनातल्या मनात प्रभूंना हात जोडले. मग तो कागद घेऊन न्हाणीघरातून आला.

“मामा, ‘डू नॉट इमर्स’ म्हणजे काय रे?”

मोटार तेव्हा बादलीत होती.