वार्षिकांकाची सजावट : संपादक मंडळासाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

महाविद्यालयाचा वार्षिकांक जानेवारीत छापायला जाणार असेल, तर सॉफ्टवेअर शिकायला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसावे. जून ते नोव्हेंबर हा काळ अंकाचे नाव ठरवणे, संपादक मंडळाचा ग्रुप फोटो काढणे आणि त्या फोटोत खुर्च्यांवर कोण व मागे उभे कोण, हे मिटवणे यांसाठी राखीव असतो.

फोटो सुधारायला फोटोशॉप, चिन्हे-रेखाटनांना कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर आणि पाने लावायला इनडिझाइन, अशी कामाची वाटणी जाणकार सांगतात. ती मनावर घेऊ नये. ज्याला जे येते त्याने त्यातच सगळा अंक उरकावा. ऐंशी पाने फोटोशॉपमध्ये एकेक करून लावता येतात. नंतर सरांनी एका लेखात चार ओळी वाढवल्या, की त्या लेखाची पुढची सगळी पाने हाताने सरकवावी लागतात आणि मंडळात एकोपा वाढतो. पैशांची अडचण सांगू नये. फोटोंसाठी गिम्प, रेखाटनांसाठी इंकस्केप आणि पानांसाठी स्क्रायबस फुकट मिळतात. पण फुकट आहे म्हटल्यावर त्यात काहीतरी खोट असणारच, असे समजून मित्राच्या पेनड्राइव्हवरचे क्रॅक केलेले फोटोशॉप व्हायरससकट उतरवून घ्यावे. छापखान्यात कदाचित पेजमेकर भेटेल. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची, म्हणजे मंडळातल्या बहुतेकांहून वयाने मोठी. तिच्याशी अदबीने वागावे.

आता मराठी. अर्धे लेख जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप होऊन येतात, अर्धे मोबाइलवर युनिकोडमध्ये. दोन्ही एकाच फाइलीत चिकटवले, की जुन्या फॉण्टमधल्या मजकुराचा इंग्रजी अक्षरे आणि कंस-टिंबे यांचा भुगा होतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा राहिला, तर ‘विद्यार्थी’ या शब्दाचे सांधे निखळतात, पाय मोडलेले द आणि र वेगळे पडतात आणि पहिली वेलांटी व च्या मागे जाऊन बसते. ही सेटिंग शोधत बसण्यापेक्षा तो मजकूर ‘नवकविता’ विभागात हलवावा. आजवर कोणा वाचकाची तक्रार आलेली नाही.

फॉण्ट किमान आठ वापरावेत. शीर्षकाला सावली, सावलीला कडा आणि कडेला चकाकी द्यावी. मुक्तासारखा एखादा स्वच्छ, फुकट मिळणारा फॉण्ट घेऊन सगळा अंक त्यातच लावू, असे कोणी म्हणाले तर त्याची बदली ताबडतोब जाहिराती गोळा करणाऱ्या पथकात करावी. पानावर मोकळी जागा दिसली की तिथे गुलाब, दिवा किंवा उडणारे कबूतर बसवावे. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहून मजकुराच्या चारही बाजूंना जागा सोडायला सांगितले आहे. पण समर्थांना जाहिरातदार सांभाळायचे नव्हते.

फोटोंचे प्रकरण मात्र सावकाश समजून घ्यावे, कारण अंक हाती आल्यावर लोक फक्त फोटोच बघतात. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे ए-फोर आकाराचे पान भरणारा फोटो साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा हवा. स्नेहसंमेलनाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून, तिथून स्टेटसवर आणि स्टेटसच्या स्क्रीनशॉटमधून आपल्याकडे येईपर्यंत त्यांतले बहुतेक पिक्सेल वाटेतच उतरलेले असतात. अशा वेळी इमेज साइजच्या चौकटीत ३०० हा आकडा स्वतः टाइप करावा. फोटो सुधारत नाही, पण मनाला बरे वाटते. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असे फोटोग्राफरला सांगितले तर तो कदाचित पाठवेलही. मग फोटोशॉप शिकण्याचे कारणच उरणार नाही.

पाहुण्यांच्या सत्काराचा फोटो हा खरा कस. थॉमस आणि जॉन या नोल बंधूंचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, तेव्हा याचा उपयोग पुढे अध्यक्षांच्या हारामागून डोकावणारा माइकवाल्याचा कान काढायला होईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसावे. कान क्लोन स्टॅम्पने पुसावा. त्या जागी पडद्याचे तेच तेच फूल सात वेळा उमटले तरी थांबू नये. गैरहजर राहिलेल्या उपप्राचार्यांना दुसऱ्या फोटोतून कापून आणताना उजेडाची दिशा बघू नये. सगळ्यांची सावली डावीकडे आणि त्यांची एकट्याची उजवीकडे, यात त्यांचे पद दिसते. प्राचार्यांच्या चेहऱ्यावरून मऊ ब्रश किती फिरवायचा? नाक कुठे सुरू होते हे सांगता येईनासे झाले, की थांबावे.

रंगांचे थोडक्यात. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतो. म्हणून पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर शेवाळी होऊन येतो. त्याचा दोष छापखान्याला द्यावा. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवावा, असे छापखानेवाले कळकळीने सांगतात. चारही शायांत ठेवला आणि कागद केसभर सरकला, तर अक्षरे दुहेरी दिसतात. पानाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र कापण्यासाठी तीन मिलिमीटर बाहेर न्यायचे असते. तेवढी जागा वाचवली, तर कटिंगमध्ये पांढरी पट्टी फुकट मिळते.

मधोमध पिना मारायचा अंक असेल, तर पाने चारच्या पटीत लागतात. आपली नेहमी त्र्याऐंशी भरतात. चौऱ्याऐंशीव्या पानावर ‘मित्रमंडळींच्या स्वाक्षऱ्यांसाठी’ असे छापावे. अंकातले तेवढे एकच पान लोक आवर्जून वापरतात.

शेवटी सगळे लेयर एकत्र दाबून जेपीजी करावी आणि मूळ फाइल पुसून टाकावी, म्हणजे मुखपृष्ठावर ‘वार्षीकांक’ छापले जात आहे हे शेवटच्या दिवशी कळले तरी कोणाला काही करता येणार नाही. मुद्रितशोधनासाठी कागदावर प्रिंट काढून मराठीच्या मॅडमना दाखवण्याची प्रथा आहे, पण त्या खरोखर वाचतात, असे निदर्शनास आले आहे.

अधिक अभ्यासासाठी गेल्या वर्षीच्या अंकाचे गठ्ठे ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर ठेवले आहेत. नव्या मंडळाने हवे तेवढे घेऊन जावेत. नोंद करण्याची गरज नाही. परत आणू नयेत, ही विनंती.