आत्याचा रेडी रेकनर

आमच्या नांदगाव पेठला घर कोणी वाढवत नाही, ते आपोआप वाढत जातं. सुरुवात कूलरपासून होते. एप्रिलात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसतो. वऱ्हाडातल्या उन्हात कूलरचंच पाणी तापायला लागतं, म्हणून त्याच्या डोक्यावर सावलीपुरतं एक टिन येतं. मृगाचा पाऊस आडवा मारतो, म्हणून टिनाला एका बाजूनं विटांचा आडोसा लागतो. पोळ्यापर्यंत आडोशाला दुसरी बाजू फुटते, दिवाळीला तिथं वॉशिंग मशीन जाऊन बसते, आणि लहान्या पोराचं लग्न जमलं की कूलरच्या त्याच सावलीत नव्या सुनेचं स्वयंपाकघर थाटलं जातं. यात बांधकाम नेमकं कोणत्या दिवशी झालं, हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही, तिथं ग्रामसेवकाची काय कथा! (सरकारनं 2024 साली ग्रामसेवकाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं. गावानं केलेलं नाही.)

मी मात्र मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. परवानगीशिवाय पोरांना पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. तेव्हा सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, बारा बाय चौदाची खोली काढायची तर रीतसर परवानगी घेऊनच, असं मी जाहीर केलं. मिस्त्री गिट्टी-रेतीचा हिशेब करत होता. त्यानं टेप गुंडाळला आणि काळजीच्या सुरात विचारलं, "सर, तब्येत ठीक हाये ना? जागा तुमची, पैसा तुमचा, मंग इचारता कोणाले?" शेजारच्या भाऊंना वेगळाच संशय. कुंपणावरून वाकून ते हळूच म्हणाले, "कोणी कम्प्लेंट केली का जी?"

परवानगी ही पकडले गेल्यावर घ्यायची वस्तू आहे, असं आमच्या गल्लीचं ठाम मत आहे. सरकारही त्या मताला अधूनमधून दुजोरा देतं. 2001 साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, आणि 2021 साली त्याची कक्षा वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्यात घेतलं. थांबणाऱ्याचं भलं होतं, हे गल्लीला कायदा न वाचताच ठाऊक असतं.

मी वाचला. तो भलताच मवाळ निघाला. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला जी एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्या आधारे खेड्यातल्या दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण सोळाशे फुटांच्या जागेवर घर बांधणाऱ्यानं मालकीचा कागद, नकाशा, परवानाधारक इंजिनिअरचा दाखला आणि विकास शुल्क भरल्याची पावती एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं आणि कामाला लागायचं. जागा त्याहून मोठी, पण तीनशे मीटरच्या आत असेल, तर किती शुल्क भरायचं ते ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत कळवायचं. बाकी नगररचनावाल्यांच्या दारात उभं राहायचं काम नाही.

विकास शुल्क हे 1992 साली नगररचना कायद्यात शिरलेलं प्रकरण. बांधकामाला रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या दोन टक्के. समजा दर चौरस मीटरला 1,500 रुपये धरला, तर माझी खोली साडेपंधरा मीटरच्या थोडी वर, म्हणजे शुल्क होतं 468 रुपये. मी हा आकडा मिस्त्रीला अभिमानानं सांगितला. तो म्हणाला, "एवढ्याचे तं खिळे लागते सर."

बांधकाम कामगारांसाठीचा एक टक्का उपकर वेगळा असतो, पण नोव्हेंबर 2025 पर्यंत स्वतःच्या राहत्या घराचा खर्च दहा लाखांच्या आत असेल तर तो लागत नसे. त्यामुळे कागदावर आमच्या पंचक्रोशीत दहा लाखांचं घर सापडणं कठीण होतं. सोयरिकीच्या बैठकीत मात्र तेच घर पन्नास लाखांचं असायचं, आणि दोन्ही आकडे सांगताना माणसाचा आवाज सारखाच खणखणीत असायचा.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडात आहे. त्यालाही मागच्या अंगाला खोली काढायची होती. तिकडं घर वाढवण्याच्या अर्जाची फी 258 पाउंड होती, ती 1 एप्रिल 2025 पासून 528 पाउंड झाली. साठ हजार रुपयांच्या घरात, आणि तेही फक्त अर्जाचे! वीट अजून भट्टीतच. वर नगरपालिका शेजाऱ्यांना पत्र पाठवून विचारते की तुमची काही हरकत आहे का, आणि उत्तराला तीन आठवडे देते. मला ही पद्धत फार संथ वाटली. आमच्याकडं शेजाऱ्याची हरकत पाया खणायच्या आधी येते, चहासोबत येते, आणि टपालखर्च शून्य.

एवढं स्वस्त आणि सोपं असताना गल्ली परवानगी का घेत नाही, याचं उत्तर मला पहिल्याच कागदावर मिळालं. मालकीचा कागद. मी घरपट्टीचा नमुना आठ काढून आणला. त्यावर मालक म्हणून माझ्या आजोबांचं नाव होतं. घराचं वर्णन: 'मातीचे, धाब्याचे, कोठा एक.' धाबं पडून तिथं स्लॅब आला, कोठ्यातली शेवटची म्हैस माझ्या लहानपणीच विकली गेली, आणि आजोबांना जाऊन तर जमाना झाला. तरी दरवर्षी ते कागदावर नियमितपणे घरपट्टी भरत होते. आमच्यापैकी कोणी वारस लावायला गेलंच नव्हतं, कारण वारस लावायचे म्हणजे आधी ते एका सतरंजीवर बसवायचे.

म्हणजे आता सह्या हव्या होत्या: अकोल्याच्या काकांची, अकोटच्या आत्याची आणि यवतमाळच्या ताईची. संमतिपत्र पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. ऑक्टोबर 2024 पर्यंत शंभराचा चालायचा. तेवढं तरी सरकारी होतं. खरी फी पुढं सुरू झाली.

ताईनं फोनवर हो म्हटलं. काकांनी हो म्हटलं, पण ती खोली गावाला आल्यावर आपल्यासाठी मोकळी राहील, हे संमतिपत्रात लिहून मागितलं. काका शेवटचे गावाला कधी आले, हे गावालाही आठवत नाही. त्यांचा पुण्यातला मुलगा व्हॉट्सॲपवर उगवला. त्यानं एफएसआय किती शिल्लक आहे ते विचारलं आणि एमआयडीसीत कामाला येणाऱ्या लोकांना भाड्यानं देता येतील म्हणून वर तीन मजले चढवले. सोबत लिफ्टचं चित्रही पाठवलं. माझ्या सांदवाडीत एक लिंबाचं झाड आहे. चित्रात लिफ्ट बरोबर त्याच्या बुंध्यात होती.

राहिली आत्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी ही बापाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत येते. आत्याला हे कलम माहीत नसेल, पण त्याची अंमलबजावणी तिला येते. मी अकोटला गेलो. तिनं गरम कळण्याची भाकर वाढली, भरीत वाढलं, ठेचा वाढला, आणि मी हात धुऊन स्टॅम्पपेपर काढल्यावर चष्मा पुसत म्हणाली, "सही करतो ना बाबू, नाई कोण म्हणते? पण मले आधी सांग, तुह्या ताईच्या लग्नाच्या पत्रिकेत तुह्या मामंजीचं नाव काहून नव्हतं?"

ताईचं लग्न 1998 सालचं. 'आपले विनीत'मध्ये अठरा नावं होती. मामंजींचं नाव छापखान्यात गळलं की घरात, याचा उलगडा तेव्हाही झाला नव्हता. मामंजी, म्हणजे आत्याचे यजमान, आता हयात नाहीत, पण त्यांचा अपमान हयात आहे. मी मान खाली घातली. आत्या थांबली नाही. "अन् आईचा पितळी गुंड कुठीसा हाये? नाव घातलेला? मले देतो म्हणली होती थे. भावजयीनं ठेवून घेतला."

गुंड आमच्या माळ्यावर होता. काळा पडलेला, तोंडाशी चेपलेला, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव. चिंच लावून घासला, एसटीत मांडीवर घेऊन अकोटला नेला, सोबत एक इरकल लुगडं. आत्यानं गुंडावरून बोट फिरवत आईचं नाव वाचलं, मग स्टॅम्पपेपर ओढून घेतला आणि जिथं सांगितलं नव्हतं तिथंही सह्या केल्या.

खोली झाली. पावत्यांची फाईल मी जपून ठेवली आहे. सबंध बांधकामात मोजून, दर सांगून आणि पावती देऊन ज्यांनी पैसे घेतले ते फक्त सरकार. आत्याला रेडी रेकनर लागू नाही. वाचकांपैकी ज्यांच्या नमुना आठवर अजून आजोबाच घरपट्टी भरत असतील, त्यांनी मिस्त्रीला बोलावण्याआधी वारसनोंद करून घ्यावी. आणि माळ्यावर आजीचा गुंड असेल तर तो आजच घासायला काढावा.